सड्यावर मेंढरं पाळू की शेळ्या?

प्रश्न : काकी, नमस्कार. मुंबईची नोकरी सोडून मंडणगड तालुक्यात गावी आलोय. घरावरच्या सड्याची, म्हणजे कातळपठाराची, चार एकर जमीन आमची, पावसात भरपूर गवत येतं. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर खतासाठी भातखाचरांत मेंढरं बसवतात. ती बघून वाटतं, आपणही पंधरा-वीस मेंढ्या पाळाव्यात आणि नुसत्या चाऱ्यावर वाढलेली कोकरं गावातच विकावीत. जमेल का?

उत्तर : बाळा, मेंढरं नको, शेळ्या घे. धनगर मिरगाच्या आधी घाट चढून परत जातात, ते आपला पाऊस ओळखून. त्यांची दख्खनी मेंढी कोरड्या हवेतली. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोकर सुकत नाही, चिखलात खूर कुजतात. कुडाळकडे आमच्या वाड्यात कोकण कन्याळ शेळ्या आहेत. काळं अंग, तोंडावर दोन पांढरे पट्टे, लांब कानांच्या कडाही पांढऱ्या. ही जात याच पावसात वाढलेली. दापोलीचं कृषी विद्यापीठ तुला जवळ आहे, तिथे आधी चौकशी कर.

शेळीलाही ओल सोसत नाही, म्हणून जमिनीपासून उंच बांधलेला माच हवाच. पोफळीच्या रिपा ठोकायच्या, दोन रिपांमध्ये बोटाच्या जाडीएवढी फट ठेवायची, म्हणजे लेंडी-मूत खाली पडतं आणि शेळी कोरडी बसते. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या रोगांच्या लसी सरकारी दवाखान्यातून पावसाआधी टोचून घे.

खरा वैरी जंत. पहाटेच्या दवात जंतांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढतात, म्हणून दव उडाल्यावरच कळप सोड. पाणी साचलेल्या खाचरात चरू देऊ नकोस, तिथल्या गोगलगायींतून यकृताचे चपटे कृमी येतात. दर आठवड्याला प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून बघ. आत लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. गोठ्यातल्या बाईमाणसांना हे चटकन दिसतं, घरच्यांना शिकव.

‘नुसत्या चाऱ्यावर’ म्हणतोस, त्यात एक सांगते. सड्यावरचं गवत पौषात पिवळं पडतं. पुढे फणसाचा पाला, शेवरी, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) यांवरच कळप तगतो, तेव्हा बांधावर ही झाडं आत्ताच लाव. दुधाच्या शेळीला मूठभर भरडाही (जाडसर दळलेलं धान्य) लागतो. गिऱ्हाईकाला जे घातलंस ते सगळं सांग. चरून वाढलेल्या बोकडाची चव लोकांना कळते, त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही.

विक्रीचं गणित माजापासून, म्हणजे शेळी फळवायच्या वेळेपासून, धर. शेळी पाच महिन्यांत विते. वैशाख-ज्येष्ठात फळली तर करडं दिवाळीच्या सुमारास येतात आणि आषाढ अखेरीला, मागणी जोरात असताना, विकण्याजोगी होतात. श्रावणात कोणी विचारत नाही. शिमग्याला चाकरमानी येतात, पण तेव्हा ही करडं लहान असतात. मोह झाला तरी विकायला काढू नकोस. काही गावांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा, नैवेद्य असतो, तिथे आधीच शब्द घेऊन ठेव. बकरी ईदसाठी वर्ष पूर्ण झालेला, दोनदाती (पुढचे दोन पक्के दात आलेला), अंगात खोट नसलेला बोकड वेगळा राख. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, तारीख बघून हिशेब कर.

दलाल नजरेने भाव करतो, तिथे आपला माणूस हमखास मागे पडतो. टांगता काटा घे, सकाळी रिकाम्या पोटी वजन कर, जिवंत वजनावरच विक. वीस किलोच्या बोकडाचं साधारण नऊ-दहा किलो मटण पडतं, हे गिऱ्हाईकालाही समजावून सांग. मटण स्वतः विकायचं झालं तर अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी लागते. सुरुवातीला त्या फंदात पडू नकोस.

पहिल्या वर्षी चार-पाच शेळ्या पुरे. माच बांधून झाला की मगच त्या आण.