हिमोग्लोबिन कमी असल्याने अभ्यासात लक्ष लागत नाही, असं होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करताय आणि हिमोग्लोबिन ९ आलंय म्हणता, तर वाचलेलं डोक्यात शिरत नाही याला आळस म्हणू नका. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, पण लोह फक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोचवणारी रसायनं तयार करणाऱ्या एन्झाइमनाही ते लागतं. ते कमी पडलं की लक्ष, स्मरण, विचारांचा वेग, मूड, सगळंच ढेपाळतं. २००७ साली अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोहाच्या गोळ्यांनी ज्यांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) चांगलं वाढलं, त्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरीही सुधारली.

फेरिटिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच साठा संपत आलेला असतो, त्यामुळे १२ च्या वर असूनही काहीजणींना त्रास होतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा; बऱ्याचजणी उगाच लाजतात. मेसमध्ये जेवल्याजेवल्या अमृततुल्य गाठायची सवय सोडा (पुण्यात अवघड आहे, मान्य). चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, तासभर तरी थांबा. गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. हिमोग्लोबिन आधी चढतं, साठा भरायला पुढे काही महिने लागतात. शी काळी होते, घाबरू नका.