युरिक ॲसिड ७.५ आलंय, त्रास काहीच नाही. डाळ, पालक बंद करू का? आणि युरिक ॲसिडने सूज येते तरी कशी?

डाळ बंद करू नका. आमच्या घरात या डाळीवरून एवढं रामायण झालंय की प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सासरे गिरणी कामगार, उभा जन्म लालबागच्या चाळीत गेला, सुपारीचंही व्यसन नाही. ऐन गणपतीत एका रात्री त्यांच्या पायाचा अंगठा असा सुजला की चादर टेकली तरी कळवळायचे. मी म्हटलं, गाऊट आहे, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी सांधा सुजण्याचा आजार. मोठे दीर माझ्यावरच उखडले, "अण्णा काय दारू पितात? तो दारुड्यांचा आजार." दुसऱ्या दिवशी युरिक ॲसिड नॉर्मल आलं, मग तर काय, दीर जिंकलेच! ऐन झटक्यात रक्तातली पातळी नॉर्मल दिसू शकते, पण सुनेचं ऐकतंय कोण?

पुढे गुडघा सुजला, त्यातलं पाणी काढलं आणि ती स्लाइड मी स्वतः पाहिली. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली सुईसारखे टोकदार स्फटिक. काही सुट्टे, काही थेट न्यूट्रोफिलच्या (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या) पोटात. एका पेशीतून तर सुई आरपार गेलेली. स्लाइड फिरवली की पिवळी सुई निळी दिसायची. युरेटच, म्हणजे युरिक ॲसिडचेच स्फटिक, वाद संपला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच स्लाइडमध्ये आहे. विरघळलेलं युरिक ॲसिड सूज आणत नाही. साधारण ६.८ च्या वर ते रक्तात मावेनासं होतं आणि सांध्यात स्फटिक धरायला लागतं. अंगठा शरीरापेक्षा थंड, म्हणून बऱ्याचदा पहिला नंबर त्याचा. सांध्यातली मॅक्रोफेज, म्हणजे परकं काही दिसलं की गिळणारी पेशी, ती सुई गिळते, आत एनएलआरपी३ नावाची यंत्रणा चालू होते (हे २००६ मध्ये दाखवलं गेलं) आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे सुजेचा इशारा देणारं प्रथिन बाहेर पडतं. ती हाक ऐकून रक्तातले न्यूट्रोफिल झुंडीने येतात, सुया गिळता गिळता स्वतः फुटतात, आतली एन्झाइम्स सांध्यात सांडतात. लाली, ठणका, ताप, सगळी त्यांची करणी. नुसते स्फटिक वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतात. त्यात मुक्त फॅटी ॲसिड्सची भर पडली की मॅक्रोफेज जास्त भडकतात, असं प्रयोगांत दिसलंय. उलट उपासात वाढणारं केटोन, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, हीच यंत्रणा दाबतं, निदान उंदरांमध्ये तरी. पण तेवढ्यावरून उपास सुरू करू नका, उपाशी राहिल्याने युरिक ॲसिड वाढतंच.

स्लाइडनंतर दिरांनी गाऊट मान्य केला आणि लगोलग डाळ, पालक, मटकी बंद करून टाकली. अण्णा मऊ भात नि लोणच्यावर. रविवारचं मटण मात्र चालू, "मासे हलके असतात" म्हणून बांगडाही चालू, वर थंड पेयाची बाटली. सुमारे ४७ हजार अमेरिकन पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास २००४ मध्ये आला: मांस नि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त, प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते) असलेल्या भाज्या-कडधान्यांनी धोका वाढला नाही, दूध-दह्याने कमीच झाला. बिअर वाईटच, पण गोड पेयांतलं फ्रुक्टोजही युरिक ॲसिड वाढवतं. शिवाय दोन तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करतं. बिचाऱ्या वरणाच्या वाटीला कशाला बडवायचं?

तुमचं ७.५ म्हणाल तर, कधी झटका आला नसेल, मुतखडा नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. बीपीची पाणी काढणारी गोळी असेल तर तिनेही आकडा चढतो. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही, हेही लिहून ठेवते.

आणि पुढेमागे ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, लागलंच, तर सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळायला लागतात. आमच्याकडे नेमकं तेव्हाच "गोळीनेच वाढलं" म्हणत दिरांनी ती बंद करायला लावली होती. सोबत कोल्चिसिन हे झटका टाळणारं औषध देतात ते याचसाठी. अंगावर पुरळ उठलं तर मात्र ॲलोप्युरिनॉल लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.