गावात बायकांवर होणारी हिंसा थांबवायला ग्रामपंचायत खरंच काही करू शकते का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची मारहाण, पोरींची छेडछाड, कमी वयात लग्नं हे सगळं गावात चालू असताना पंचायतीच्या हातात काही असतं का, की हा फक्त पोलिसांचा विषय. मी मराठवाड्यातल्या एका गावात एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यावरून सांगते. हातात बरंच असतं, फक्त निवाडा करत बसणं हे तिचं काम नाही आणि सगळी गडबड तिथेच होते.

तंटामुक्त गाव मोहीम 2007 ला सुरू झाली, बांधाचे आणि वाटणीचे वाद मिटवायला ती चांगलीच आहे, पण बायकोला मारलं हा पण तंटाच धरतात ना लोक. मग तिला पारावर दहा पुरुषांसमोर उभं करायचं, नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की पुन्हा हात उचलणार नाही, आणि तिला सांगायचं जा आता नीट नांद. पुढच्या वेळेस मार खाल्ला तरी ती बाई परत कुणाकडे येत नाही कारण गावाच्या लेखी विषय मिटलेला असतो. आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर समझोता सोडाच, पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग तो सरपंच असो नाहीतर मुख्याध्यापक.

पंचायतीने करायचं ते म्हणजे बाईला योग्य माणसापर्यंत पोचवायचं. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार बाईनेच करायला पाहिजे असं नाही, शेजारी, आशाताई, सदस्य कुणीही कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर केस होत नाही. हे गावात जवळपास कुणालाच माहीत नसतं. आम्ही संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर आणि 181 (महिला हेल्पलाइन), 112 (पोलीस, तातडीची मदत), 1098 (मुलांची हेल्पलाइन) हे भिंतीवर रंगवून घेतले, आधी पंचायत ऑफिसवर, पण तिथे कट्ट्यावर दिवसभर माणसं बसलेली, कोणती बाई उभी राहून नंबर उतरवून घेणार? मग रेशन दुकानाच्या भिंतीवर घेतले, तिथे बायका एकट्या येतात आणि रांगेत उभ्या असतात, मग वाचायला लागल्या.

दुसरं म्हणजे महिला सभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, पण बहुतेक गावात रजिस्टर घरोघरी फिरतं आणि सह्या अंगठे घेऊन येतं, सभा झाली! आम्ही ती अंगणवाडीत दुपारी ठेवायला लागलो. तिथे पहिल्याच दिवशी कुणी म्हणत नाही की मला नवरा मारतो, बायका बोलतात लाईटवर, पाण्यावर, दारूवर. आमच्याकडे निघालं काय तर अकरावी बारावीच्या पोरी तालुक्याहून संध्याकाळच्या एसटीने येतात, फाट्यावर उतरतात, तिथून गावापर्यंत रस्त्याला एक दिवा नाही आणि टपरीजवळ टोळकं. पोरी घरी सांगत नाहीत कारण सांगितलं की कॉलेज बंद, आणि कॉलेज बंद झालं की महिन्याभरात स्थळ बघायला सुरुवात. म्हणजे तो रस्त्यावरचा दिवा थेट पोरीच्या लग्नाच्या वयाशी जोडलेला आहे, पण पंचायतीच्या विकास आराखड्यात तो कायम शेवटी येतो. आम्ही तो वर आणला, आणि गाडी गावात आत यावी म्हणून ठराव करून डेपो मॅनेजरला दिला, त्याला बराच पाठपुरावा लागला पण गाडी यायला लागली. स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला बालकल्याणावर खर्च करायची असते हे पण लक्षात ठेवा, ती शिलाई मशीन आणि हळदीकुंकवातच संपू देऊ नका.

बालविवाहाचं जरा सविस्तर सांगते कारण आमच्या भागात हीच मोठी हिंसा आहे. एनएफएचएस 5 मध्ये, म्हणजे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न 18 च्या आधी झालेलं निघालं आणि बीड जिल्ह्यात तो आकडा 43 च्या वर. कारण ऊसतोड. आईबाप सहा महिने कारखान्यावर जातात, पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न खराच असतो, वर ऊसतोडीच्या कोयत्याला नवराबायकोची जोडी लागते आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पण जोडीलाच मिळते, मग दिवाळीच्या आसपास लग्न उरकून टाकतात. अशा आईबापाला नुसता कायदा सांगून काय उपयोग? हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं आणि पोरींसाठी नीट चाललं तर निम्मी लग्नं तिथेच थांबतात असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे पंचायतीने सप्टेंबरपासूनच त्याच्या मागे लागायचं.

कायद्याने गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. पण मांडवात जाऊन लग्न मोडायची वेळ आणू नका, तोपर्यंत कर्ज काढून झालेलं असतं आणि सगळा राग पोरीवर निघतो. सुपारी फुटल्याची कुणकुण लागली की शाळेचा दाखला बघायचा आणि मांडववाला, आचारी, बँडवाला, भटजी सगळ्यांना लेखी नोटीस द्यायची, दोन वर्षं कैद आणि एक लाख दंडापर्यंत शिक्षा आहे म्हटल्यावर मांडववालाच माघार घेतो. तरीही थांबलेलं लग्न नंतर मामाच्या गावाला गुपचूप लागतं, म्हणून पोरगी शाळेत येते का हे अंगणवाडी ताईने आणि सरांनी पुढे पण बघत राहायला पाहिजे.

ठरावांनी काय होतं असं लोक विचारतात. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांना तसं करायला सांगितलं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याने 2024 मध्ये आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. दंड वसूल किती होतो यापेक्षा ग्रामसभेत हा विषय पुरुषांसमोर मोठ्याने निघतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि दारू. परवानगीचं दुकान असेल तर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदान मागता येतं, पण आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करायचं चिन्ह, जिंकायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांच्या नाही, तेव्हा आधी घरोघर फिरा मग अर्ज करा. हातभट्टीला मतदान लागत नाही, ती बेकायदाच असते, तिथे पोलीस आणि एक्साईजला पंचायतीचं पत्र द्यायचं.

तुमच्या गावात सुरुवात महिला सभेपासून करा, ठराव त्याच दिवशी प्रोसिडिंगला लिहिला गेला का ते स्वतः वाचून बघा आणि शिक्क्याची प्रत मागून घ्या. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारा.