जुन्या सिंथचे (सिंथेसायझरचे) टोन कॉम्प्युटरवर जपायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं गाणं उघडलं की यामाहाच्या डीएक्स-सेव्हन सिंथवर भलताच टोन वाजतो.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या हो. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन. खरं दुखणं वेगळं आहे. गाण्यात नुसता प्रोग्राम नंबर सेव्ह होतो, टोन सिंथच्याच पोटात राहतो. बारा नंबरवर कोणी दुसरं काही सेव्ह केलं, तरी क्यूबेस बारालाच हाक मारणार.

आमच्या ऑर्केस्ट्रात यावरून कायम वाजायचं. डीएक्स-सेव्हन पार्टनरचा, टोन मी बनवलेले. लावणीला लागणारी सनई करताना फीडबॅक (सुराला धार देणारं सेटिंग) वाढवला की नुसती चरचर, कमी केला की बासरी; रात्र रात्र त्यात गेली. मी बँक (सिंथमधले सगळे टोन एकत्र) लॅपटॉपवर काढून घ्यायला लागलो की पार्टनर म्हणायचा, "टोन हातात असतो रे, फायलीत नाही." ऑर्केस्ट्रावाले ऐकून हसायचे.

मग आतली बॅटरी बसली. डीएक्स-सेव्हनचे ३२ टोन त्या बॅटरीवरच जिवंत असतात आणि ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. पार्टनरने बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे सिंथ टाकला. त्याने काही न विचारता बॅटरी बदलली आणि सिंथ परत दिला, आत सगळा कचरा. संध्याकाळी बालगंधर्वला शो. विंगेत मी मेमरी प्रोटेक्ट ऑफ केलं, फंक्शनच्या आठ नंबरवर 'सिस इन्फो अव्हेल' (म्हणजे डेटाची देवाणघेवाण चालू) आणलं आणि फाइल पाठवली. अख्खी बँक फक्त ४,१०४ बाइटची; मिडीच्या (वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या जोडणीच्या) वेगाने सव्वा-दीड सेकंदात आत. सनई जशीच्या तशी.

पार्टनर काय म्हणाला? "कार्ट्रिज घेतली असती तर हे लागलंच नसतं." अहो, टोन साठवायची ती कार्ट्रिजही हरवते, बिघडतेच की! हे त्याला आजवर पटलेलं नाही. हे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच.

तर फाइल गाण्याच्या फोल्डरमध्येच ठेवा. 'टोन्स नवीन फायनल' असलं नाव देऊ नका. सिंथ, बँक आणि तारीख लिहा, कारण डीएक्स-सेव्हनमध्ये टोनच्या नावाला जेमतेम १० अक्षरं मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे तो डंप (सिंथमधून काढलेला बँकेचा डेटा) गाण्यातच, पहिल्या सुरापूर्वी मोकळे बार सोडून रेकॉर्ड करा. क्यूबेस सिसेक्स (टोनचा डेटा वाहून नेणारे मिडी संदेश) मुळातच गाळतं, तेव्हा प्रेफरन्सेसमधल्या मिडी फिल्टरमध्ये रेकॉर्डखालची सिसेक्सची खूण आधी काढा. फाइल धड आली का ते डेक्स्डमध्ये (कॉम्प्युटरवरचा डीएक्स-सेव्हनच म्हणा) उघडून बघा. तो फुकट आहे आणि हीच .syx फाइल वाचतो. मात्र डेक्स्ड आहे म्हणून सिंथ विकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली लांब सिसेक्स मध्येच तोडतात, त्यामुळे धड इंटरफेस घ्या. सॅम्पलवाल्या (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या) नव्या कीबोर्डांचं गणित निराळं, त्यांचा बॅकअप बहुतेक पेनड्राइव्हवरच घ्यावा लागतो. आणि हो, बँक पाठवली की आतले ३२च्या ३२ टोन पुसले जातात. आधी ते काढून घ्या, मग पाठवा.