पाळी जवळ आली की फुगडीत तोल जातो, हार्मोन्समुळे का?

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, वय 20, कॉलेजला आहे. चवथीच्या फुगडी स्पर्धेसाठी आमच्या वाड्यावरच्या पथकात प्रॅक्टिस चालू आहे. पाळीच्या आधीचे काही दिवस गिरकी घेताना तोल जातो, मागच्या महिन्यात तर पाय मुरगळला. आई म्हणते अंगात रक्त कमी, मैत्रीण म्हणते हार्मोन्स, आणि पथकातल्या काकी म्हणतात त्या दिवसांत तू बाजूला बस. खरं काय गं?

उत्तर: पहिलं म्हणजे, हे तुझ्या मनाचे खेळ अजिबात नाहीत. तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांवर अवलंबून असतं, डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय-घोटा-गुडघ्यातून येणारी जाणीव. फुगडीत गरागरा फिरताना डोळ्यांना सगळं धूसर दिसतं, कानातला द्रव तर आपण थांबलो तरी थोडा वेळ फिरतच राहतो, मग सगळी भिस्त पायांवर, आणि तुझा पाय तर आधीच मुरगळलेला.

आता हार्मोन्सचं. अंडं सुटायच्या जरा आधी इस्ट्रोजेन सगळ्यात वर असतं, नंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर दोन्ही झपकन खाली येतात. गुडघ्याच्या लिगामेंटमध्ये, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांत, इस्ट्रोजेनचे रिसेप्टर म्हणजे ते ओळखणाऱ्या जागा असतात, त्यामुळे ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे अंडं सुटायच्या सुमारास काही जणींचा गुडघा किंचित सैल होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. पण तरुण मुलींना उभं करून त्यांचं डोलणं मोजलं तेव्हा सगळीकडे एकच उत्तर आलं नाही, कुठे फरक दिसला, कुठे काहीच नाही. माझं मत विचारशील तर हार्मोन्सचा हात आहे पण छोटा, त्या दिवसांत झोप नीट लागत नाही, पोट-कंबर दुखते, लक्ष उडतं, याचा परिणाम जास्त असू शकतो.

आणि त्या घोट्याकडे आधी बघ गं! एकदा मुरगळलेला पाय परत मुरगळायची शक्यता सगळ्यात जास्त असते, कारण सूज उतरली तरी सांध्याची ती जाणीव परत यायला वेळ लागतो आणि आपण दुखायचं थांबलं की लगेच नाचायला लागतो. दुखणं गेलं की रोज ब्रश करताना त्या पायावर उभी राहा, 30 सेकंद जमले की भिंतीजवळ जाऊन डोळे मिटून कर, डोळे मिटल्यावर किती कठीण जातं ते तुलाच कळेल. सेकंद आणि पाळीची तारीख मोबाईलमध्ये लिहीत जा. दोन-तीन महिन्यांत तुझा स्वतःचा पॅटर्न दिसेल, आणि तो मैत्रिणीच्या पॅटर्नसारखा असेलच असं नाही. प्रॅक्टिस मंडपात टाईल्सवर असेल तर श्रावणातल्या पावसाचं पाणी आधी पुसून घ्या, नऊवारीचा काष्टा घोट्यापर्यंत नीट वर घ्या.

आईचं म्हणणंही उडवून लावू नको हां. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, निघाला होता. रक्तस्राव जास्त होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे, 12 च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखव. तिसऱ्या (शिंपल्या), तांबडी भाजी, वर लिंबू पिळून खा, आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह कमी अंगी लागतं.

काकींना मात्र माझ्या नावाने सांग की पाळी हे मुलीला पथकातून बाजूला बसवायचं कारण नाही, दुखत असेल तर तू स्वतः सांगशील. ज्या दिवशी जड वाटेल त्या दिवशी गिरकी सावकाश घे, जोडीदारणीला आधी सांगून ठेव, हात मनगटाजवळ घट्ट धरायला सांग. पण बसल्या जागी घर फिरल्यासारखं वाटलं, ऐकायला कमी आलं, डोकं खूप दुखून उलटी झाली किंवा चक्कर येऊन पडलीस, तर पाळीवर ढकलून घरी बसू नको, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा.