वीस टक्के वाढ झाली, मग माझ्या लेथ बंद का?

प्रश्न (सप्टेंबर २०२१) : ताई, वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. पाच लेथ (धातू कातायच्या मशिनी), दुचाकीच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. एप्रिल ते जून २०२१ मध्ये देशाची अर्थव्यवस्था २०.१ टक्क्यांनी वाढली, असं पेपरात वाचलं. माझ्या पाचपैकी दोनच मशिनी चालतात, त्याही एका पाळीत. बिलाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. गेल्या वर्षी सरकारी हमीवर घेतलेल्या कर्जाचा मुद्दलासकट हप्ता आता सुरू झालाय. दोन कारागीर लॉकडाऊनमध्ये परभणीकडे गावी गेले, ते परत आले नाहीत. मशीनवाला म्हणतो, मंदी संपली, सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) घेऊन टाका. घेऊ का?
– एक वाचक, बजाजनगर

उत्तर : घेऊ नका, दादा. निदान ही दिवाळी जाऊ द्या.

तुम्ही वाचलेला आकडा खोटा नाही, पण तो कुठून मोजलाय ते बघा. महागाई वगळून देशाचं उत्पन्न २०१९ च्या एप्रिल-जूनमध्ये ३५.६६ लाख कोटी रुपये होतं. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ते २६.९५ लाख कोटींवर आलं. यंदा, २०२१ मध्ये, ३२.३८ लाख कोटी. खड्ड्याच्या तळापासून मोजलं की वीस टक्के वाढ दिसते. दोन वर्षांपूर्वीच्या जागेपासून मोजलं तर आपण अजून सव्वातीन लाख कोटींनी खालीच आहोत. मंदी संपली म्हणजे घसरण थांबली, एवढंच. अमेरिकेतली मागची मोठी मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली. तिथली बेकारी मात्र त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, १० टक्क्यांवर गेली, आणि गेलेल्या नोकऱ्यांची भरपाई व्हायला २०१४ उजाडलं.

मी लातूरला बँकेत कर्जाच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. मोटार रिवाइंडिंग करणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरणारा, आमचा एक खातेदार पेढे घेऊन बँकेत आला होता. विहिरींना पाणी आलं, आता मोटारी चालणार, जळणार, आपल्याकडे येणार, हा त्याचा हिशोब. मोटारी आल्याही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यानं आपली लाल वही माझ्यापुढे उघडली. नाव, गाव, मोटारीचा एचपी, रक्कम, सगळं नीट लिहिलेलं. ‘जमा’चा रकाना पानामागून पान कोरा. तूर भरघोस आली होती, म्हणून भाव पडले होते. शेतकरी खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा, तो मोटारीचे पैसे कुठून देणार? पाऊस पडल्यावर ते खातं सुरळीत व्हायला दोन हंगाम लागले. तेवढ्यात त्यानं तांब्याच्या तारेसाठी आणखी कर्ज घेतलं असतं तर दुकान गेलं असतं. ते मागायला तो आला होता, आणि मी नाही म्हटलं होतं. तेव्हा त्याला राग आला होता.

तुमचंही तसंच आहे. मागणी वाढली की कंपनी आधी गोदामातला माल काढते, मग स्वतःच्या मशिनी पूर्ण चालवते, मग मोठ्या व्हेंडरला काम देते. त्याच्याकडे मावेनासं झालं की ते तुमच्यापर्यंत येतं. काम काढून घेताना सगळ्यात आधी तुमचं जातं, द्यायची वेळ आली की तुम्ही शेवटचे.

आता घाईचं काम. हा अंक हातात पडताच बँकेत जा. तुमचं खातं ३१ मार्च २०२१ ला एनपीए (थकीत) नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ५ मेच्या परिपत्रकाखाली छोट्या उद्योगाच्या कर्जाची पुनर्रचना, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्यानं ठरवून, मागता येते. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपते. (ही सोय तेवढ्यापुरतीच होती; आता ती नाही.) खातं त्यात बसलं तर हमीच्या कर्जालाही चाराऐवजी पाच वर्षं मिळू शकतात : पहिले २४ महिने फक्त व्याज, मुद्दल त्यानंतर. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ वर विसंबू नका. मी त्या टेबलामागे बसलेली आहे.

थकलेल्या बिलांबद्दल वाचून मात्र जीव जळतो. छोट्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, ही तुमची भीती खोटी नाही. म्हणून एकट्यानं जाऊ नका. आधी प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर छापा. त्याच कंपनीकडे ज्यांचे पैसे अडकलेत असे चार-पाच जण मिळून मसिआसारख्या उद्योजकांच्या संघटनेमार्फत पत्र द्या.

कारागिरांचं शेवटी लिहिते, पण मला त्यांची काळजी जास्त वाटते. २०१८-१९ मध्ये देशात काम करणाऱ्या दर शंभरातले ४२.५ शेतीत होते. २०१९-२० मध्ये ४५.६ झाले. शेतीत काम वाढलं म्हणून माणसं गेली नाहीत, शहरातलं सुटलं म्हणून गेली. लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस आज सोयाबीन काढायची वाट बघत बसला असेल. त्याला आत्ताच फोन करा, पण ‘लगेच ये’ म्हणू नका. रास होऊन माल मोंढ्यात गेला की तो मोकळा होईल. तोवर तिसरी मशीन चालेल एवढं काम जमतं का बघा, आणि महिन्याला किती दिवसांची हजेरी नक्की देऊ शकता तो आकडा त्याला खरा सांगा.