रत्नागिरी शहराचं जुनं रूप टोपो नकाशांवरून कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीचा जुना टोपो नकाशा (डोंगर, रस्ते, वस्ती दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा) गूगल अर्थवर टाकला तर तो नीट बसत नाही, आणि बसलाच तर त्यात नेमकं काय पाहायचं. बसवण्याचं आधी सांगतो. तिथे चूक झाली की पुढचे सगळे निष्कर्ष वाकडे जातात.

सगळ्यात आधी शीटचा, म्हणजे नकाशाच्या एकेका कागदाचा, क्रमांक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या मांडणीत ४७ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश एवढा आहे. त्याचे ए ते पी असे एकेका अंशाचे १६ भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे १६. अक्षरं असोत की आकडे, क्रम वरून खाली उतरतो, मग उजवीकडचा रकाना सुरू होतो. रत्नागिरीची गैरसोय अशी की शहर जवळजवळ १७ अंशाच्या रेषेलाच टेकलंय. त्यामुळे गाव, रत्नदुर्ग आणि भाट्याची खाडी ४७ एच/५ वर येतात, तर मिऱ्याचा डोंगर वरच्या ४७ जी/८ वर जातो. एकच शीट मिळवून 'बंदर कुठे गेलं?' म्हणणारे बरेच असतात. दोन्ही मिळवा. शोधतानाही क्रमांकच टाका, कारण गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं आजच्याशी जुळत नाहीत.

हव्यात त्या एक इंच = एक मैल, म्हणजे १:६३,३६० च्या शीट. १:५०,००० च्या मेट्रिक शीट नंतरच्या. किनारपट्टीच्या शीट दीर्घकाळ निर्बंधित होत्या, म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच्या प्रती परदेशी ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांत शोधाव्या लागतात. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अमेरिकी लष्कराची १:२,५०,००० ची यू ५०२ मालिका फुकट आहे, पण त्या मापावर शहर म्हणजे जेमतेम एक डाग. आसपासचे रस्ते पाहायला ठीक.

आता बसवणं. गूगल अर्थ चित्र नुसतं ताणतं, म्हणून क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमधला जिओरेफरन्सर वापरा. त्यात स्कॅनवरच्या बिंदूंना जमिनीवरची खरी जागा नेमून द्यायची असते. स्कॅन सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) केलेला असावा. मोबाईलच्या फोटोत कडा वाकतात. ३०० डीपीआयला एक इंची नकाशावरचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण साडेपाच मीटर भरतो, एवढं पुरतं.

नकाशाच्या कडेला छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे भरू नका. ते एव्हरेस्ट स्फेरॉइड या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावरचे आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या मापावर चालतं. आपल्या भागात या फरकाने नकाशा शंभर-दीडशे मीटर सरकतो, म्हणजे किनाऱ्यावरची आळी सरळ पाण्यात. १९०५ च्या आधीच्या नकाशात याहून मोठा घोळ असतो. ज्यावरून देशातले रेखांश ठरत त्या मद्रास वेधशाळेचा रेखांश तेव्हा सुमारे अडीच मिनिटं जास्त धरलेला होता, त्यामुळे सगळे रेखांश तेवढे वाढीव आहेत. आपल्या अक्षांशावर हे अंतर जवळपास साडेचार किलोमीटर होतं आणि सगळं गाव पूर्वेला सरकतं. समासात बारीक अक्षरात दुरुस्तीची टीप असते, ती वाचा.

त्यापेक्षा जमिनीवरच्या खुणा धरा: त्रिकोणात ठिपका असलेली त्रिकोणमिती स्थानकं, किल्ल्याचे बुरूज, जुनी देवळं, रस्त्यांचे जुने तिठे. आठ-दहा बिंदू सगळ्या शीटभर पसरून घ्या, दक्षिणेच्या पावस गावापासून शहरापर्यंत. सगळे शहरातच घेतलेत तर शीटची दुसरी टोकं भरकटतात. किनाऱ्याची रेषा, खाडीचं मुख, वाळूचा दांडा कधीही धरू नका. जिओरेफरन्सरच्या सेटिंगमध्ये ट्रान्सफॉर्मेशन (चित्र बसवायची पद्धत) पॉलिनोमिअल १, लक्ष्यप्रणाली ईपीएसजी ३२६४३, म्हणजे आपल्या भागाची मीटरमधली यूटीएम प्रणाली. चूक २५-३० मीटरच्या आत आली की थांबा. नकाशावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेषाच ३२ मीटर असते. थिन प्लेट स्प्लाइन ही चित्र हवं तसं वाकवणारी पद्धत लावून चूक शून्य दिसते खरी, पण ती फसवी. मधला भाग चघळल्यासारखा होतो.

वाचताना समासातलं पाहणीचं वर्ष बघा, छपाईचं नव्हे. पुनर्मुद्रणात रस्ते नवे घालतात आणि घरं जुनीच ठेवतात, असं सर्रास होतं. ताडून पाहायला थिबा राजवाडा (साधारण १९१०), पतितपावन मंदिर (१९३१) आणि कोकण रेल्वे (१९९८ ला पूर्ण सुरू) हे टप्पे धरा. रेल्वे आहे पण भोवतालची वस्ती जुन्या शीटसारखीच, तर ती अर्धवट दुरुस्ती समजा.

घरं मोजू नका. माडा-पोफळीच्या हिरव्या पट्ट्यात पेरलेले लाल चौकोन म्हणजे 'इथे विखुरलेली वस्ती' एवढंच, जनगणना नाही. पांढरा भाग बहुधा कातळ-सडा (उघडं खडकाळ पठार), पिवळा लागवडीचा.

माझ्या मते खरी मजा वाटांत आहे. लाल तुटक रेषा बैलगाडीच्या, ठिपक्यांच्या पायवाटा. त्या एका वेगळ्या थरावर गिरवून घ्या आणि कुठे एकवटतात ते बघा. आजचं शहर महामार्ग आणि स्टेशनाकडे, म्हणजे पूर्वेला वाढतंय. जुन्या वाटा बंदराकडे आणि खाडीवरच्या तरीकडे (होडीने पार जायच्या जागेकडे) उतरतात. बोटी बंद असत त्या पावसाळ्यात माल घाटावरून, म्हणून घाटाकडच्या वाटाही सोडू नका. त्यातल्या कित्येक आज पाखाडी किंवा पाणंद म्हणून शिल्लक आहेत.

मिऱ्या-पंधरामाडच्या किनाऱ्याची धूप मोजायला मात्र हा नकाशा वापरू नका. छापलेली रेषा साधारण भरतीची असते आणि आजचं उपग्रहचित्र कुठल्या वेळेचं आहे ते ठाऊक नसतं. त्यात नकाशाचीच चूक २५-३० मीटर, मग ४० मीटरच्या फरकावरून काय सिद्ध करणार? खाडी किती गाळली हे बघायचं असेल तर जुने सागरी चार्ट घ्या. त्यात खोली फॅदममध्ये, म्हणजे १.८३ मीटरच्या मापात, आणि ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते.

शहराच्या आतला तपशील टोपोमध्ये मिळणारच नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून नगर भूमापनाचा आणि गावाचा नकाशा मागवा. अर्जात नुसतं 'रत्नागिरी' लिहू नका. झाडगाव, नाचणे असं महसुली गावाचं नाव आणि शक्य तर सर्व्हे नंबर द्या. सोबत १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, उघडून ठेवा. बंदरांची आणि व्यापाराची माहिती त्यात भरपूर आहे.